आईचा भात आणि माझा बर्फ

गुडघ्याचं ऑपरेशन करून मी माहेरी पासलीला आले, तेव्हा मला बघायला येणाऱ्यांनी आमची पडवी आठवडाभर रिकामी होऊ दिली नाही. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या पायाकडं बघायचा, मग आईकडं, आणि चहाचा कप हातात आला की तोच प्रश्न विचारायचा. ही बर्फात कशाला गेली होती?

सुरुवातीला मी नीट उत्तरं दिली, मग देईनाशी झाले. गावात हातपाय मोडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जांभळं काढताना फांदीसकट खाली आलेली माणसं आमच्या वाडीत आहेत. माझ्या एका चुलतभावाचा हात बैलगाड्यांच्या शर्यतीत मोडला, तर गळ्यात बांधलेल्या हातासकट त्याचा फ्लेक्स वेल्ह्याच्या बाजारात लागला. बाबा रे, तू बैलांच्या मागं कशाला पळत होतास, असं त्याला कुणी विचारलं नाही. माझा पाय मोडला तर मात्र बायकांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या आणि पुरुषांनी नोकरी करणाऱ्या बाईला कसा वेळ मिळतो यावर चर्चा केली. मला आलेला राग गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा मोठा होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मी भोरला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सासर भोंगवलीचं, तिथं नजर पोचेल तिथवर सपाट शेत. माहेर पासलीचं, जिथं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ लागतो नाही तर उतार. नोकरीला लागल्यावर मी मनालीकडं डोंगर चढण्याचा एक कोर्स केला. तिथं कुणीतरी माझ्या पायांत दोन लांब स्की अडकवल्या आणि त्यातून मी आजतागायत बाहेर आलेले नाही. माझ्या मागून धाकटा भाऊ आला. तो पासलीतच असतो, भातशेती करतो आणि टेम्पो चालवतो. मग माझी मैत्रीण आली, ती भोरमध्ये लोकांचे दात काढते. दर हिवाळ्यात आम्ही तिघं हिमाचलातल्या एका लहानशा गावात आमच्या वाटाड्याच्या घरी जाऊन राहतो. नवरा येत नाही. त्याला बर्फ फक्त उसाच्या रसातला आवडतो. पण 'जाऊ नकोस' हे शब्द त्यानं आजवर एकदाही काढलेले नाहीत, एवढं श्रेय मी त्याला देते.

आमचं स्कीइंग म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि रांगेतून खाली यायचं, ते नव्हे. आम्ही जातो तिथं पाळणा नाही, आखलेली वाट नाही, गरम मॅगीची टपरी नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे. त्यांचे केस एका बाजूला निजलेले असतात, त्यामुळं स्की पुढं सरकते पण मागं घसरत नाही. असा पाय न उचलता, सरकवत सरकवत अर्धा दिवस डोंगर चढायचा. माथ्यावर पट्टे सोलून काढायचे, घडी घालून जॅकेटात ठेवायचे आणि चढायला अर्धा दिवस लागलेला डोंगर काही मिनिटांत उतरायचा. नुकताच बर्फ पडलेला असेल आणि थंडी टिकली असेल, तर तो चाळलेल्या पिठासारखा भुसभुशीत असतो. त्यात स्की बुडतात, गुडघे बुडतात, वळताना तोंडावर बर्फ उडतो आणि कानाला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. हे सुख दुसऱ्याला पटवून द्यायचा मी आता कंटाळा करते. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल घरी बसावं.

गुडघा कसा मोडला ते मात्र सांगायला हवं, कारण त्यात पासलीचा हात आहे. आमच्याकडं सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावरून कसं उतरायचं ते चालायला लागल्यापासून शिकवतात. टाचा रोवायच्या, बूड मागं टाकायचं, एक हात डोंगराला लावायचा. दिवाळीनंतर गवत वाळलं की आम्ही पोरं खताच्या गोणीवर बसून याच पद्धतीनं टेकडी उतरायचो. बर्फात सगळं उलटं. तिथं अंग दरीकडं झुकवायचं असतं, छाती पुढं, वजन पुढं. मला हे पक्कं माहीत आहे, मी नवख्यांना शिकवलंयसुद्धा. पण घाबरलं की अंग पासलीचं होतं. त्या दिवशी बर्फाखाली दडलेला एक खडक अचानक पुढं आला आणि मी टाचा रोवून मागं बसले. स्कीची शेपटं रुतली, एक पाय डोंगराबरोबर राहिला आणि मी दरीकडं गेले. मैत्रीण वरून ओरडली, पुढं झुक म्हणून. ती ओरडेपर्यंत सगळं झालं होतं.

पडवीतली गर्दी ओसरल्यावर आईनं भात सोडला.

ज्यांचा डोंगरातल्या खेड्यांशी संबंध नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडं एखाद्या गोष्टीसाठी हट्ट धरायचा तर बायका आवडीचं काहीतरी खायचं सोडतात. कुणी चहा सोडतं, कुणी गोड सोडतं. देवीपुढं हात जोडून सांगायचं, अमुक होईपर्यंत हे तोंडाला लावणार नाही. आईनं भात सोडला. पासलीत, जिथं भाताशिवाय दुसरं पीक नावाला, जिथं पावसाळ्याचे चार महिने ती भाताच्या चिखलात कमरेतून वाकलेली असते, तिथं तिनं भात सोडला. मी बर्फात जाणं बंद करेपर्यंत. रोज घरच्या तांदळाचा भात शिजायचा, ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः नाचणीची भाकरी घेऊन भिंतीला टेकून बसायची. लग्नाच्या पंगतीतही भाकरी फडक्यात बांधून न्यायची. शेजारी बसलेली बाई विचारायची, का हो, भात का न्हाई? आई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "लेकीला इचारा."

मला सांगा, याला काय उपास म्हणायचं? हा सरळ सरळ हल्ला होता. मी भोरहून फोन करायचे तेव्हा तब्येतीच्या आधी विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले की. भाकरी." तिचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. पहिल्या घासाला मला रोज आईची आठवण यायची. पण मी भात खात राहिले. तिनं सोडला म्हणून मीही सोडला असता, तर ते तिचं ऐकल्यासारखं झालं असतं.

एक हिवाळा व्यायामात गेला. दुसऱ्या हिवाळ्याआधी डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून, फिरवून बघितला आणि जा म्हणाले. मी पासलीला जाऊन घरात सांगितलं. भाऊ बरोबर होता, तो भिंतीकडं बघत उभा राहिला. आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आवाज चढवला तो माझ्या थोरल्या चुलत्यांनी.

या चुलत्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द आपला आहे असं त्यांना वाटतं. आईचा आणि त्यांचा झगडा जुना आहे. मी तिसरी-चौथीत असेन, एका पावसाळ्यात सलग पाऊस लागला होता आणि गोठ्याच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग पडली. हात आत जाईल एवढी. आईनं ती बघितली, कुणाला विचारलं नाही, आम्हां पोरांना पोत्याच्या खोळी घातल्या, म्हशी सोडल्या आणि सगळ्यांना घेऊन खालच्या शाळेत गेली. वडीलही मुकाट्यानं मागून आले. आबा गेले नाहीत. पाऊस उघडेपर्यंत आम्ही शाळेत झोपलो. दरड काही आली नाही. ती भेग पुढं बुजली, तिच्यावर गवत उगवलं. आणि तेव्हापासून दर आषाढात आबा पडवीत बसून आईला विचारतात, काय, यंदा कधी निघायचं शाळंत झोपायला? सगळे हसतात. आईनं त्याला कधी उत्तर दिलं नाही.

तर त्या दिवशी आबा म्हणाले, "आता हिला सांगायचं कुणी? पाय मोडून घेतला, आता मान मोडून घ्यायची हाय. आन् ह्यो पोरगा, लावणीला कंबर दुखती ह्याची, बर्फात न्हाई दुखत."

मी उलट बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई म्हणाली, "म्या बी जाती."

भावानं भिंतीकडची नजर आईकडं वळवली.

"कुठं?" आबांनी विचारलं.

"हिच्यासंगं. बघती तरी त्या बर्फात काय पुरून ठिवलंय हिनं."

"काशीला गेली न्हाईस कधी, आन् बर्फात जातीस?"

"काशी कुठं पळून जातीया," आई म्हणाली आणि सुपातले खडे वेचून अंगणात फेकले.

तिनं माझी बाजू घेतलेली नव्हती. ती येणार होती ती मला अडवायला, किंवा निदान मी पडताना हजर राहायला. पण आबांनी नको म्हटल्यावर तिचं जाणं पक्कं झालं होतं, आणि हा गुण माझ्यात कुठून आला ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

आगगाडीत तिनं खिडकी सोडली नाही. डोंगरातल्या बसमध्ये मात्र डोळे मिटून देवीचं नाव घेत राहिली. तिच्या पिशवीत घरचा इंद्रायणी तांदूळ होता, आमच्यासाठी. नाचणीचं पीठ वेगळं बांधलेलं होतं, स्वतःसाठी. मैत्रिणीनं ते पीठ बघितलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी म्हटलं, काही बोलू नकोस.

वाटाड्याच्या घरी त्याची आई होती, वयानं आमच्या आईएवढीच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पहिल्याच दिवशी आई नऊवारी लुगड्यावर माझ्या भावाचं जुनं जॅकेट चढवून, पदरावर लोकरीची टोपी घालून अंगणात उतरली. लावणीच्या चिखलात चालतात तसं पाऊल न उचलता सरकवत बर्फातून गोठ्यापर्यंत गेली आणि त्यांच्या गाईच्या कानामागं खाजवून परत आली. त्यानंतर त्या दोघी दिवसभर चुलीशी बसून आपापल्या भाषेत बोलायच्या आणि माना डोलवायच्या. बहुतेक आपापल्या पोरांच्या तक्रारी करत असाव्यात.

त्या घराच्या अंगणातून समोरचा एक उतार सबंध दिसतो. वरती डोंगराचा खांदा, तिथून खाली झाडावाचूनचा रुंद पांढरा उतार आणि उजव्या अंगाला देवदारांचं रान. इतकी वर्षं मी तो उतार बघत होते आणि दरवेळी काहीतरी आडवं आलं होतं. एकदा पाऊस पडला, एकदा रजा संपली, मग गुडघा. या खेपेला मला तोच उतार हवा होता. खरं सांगते, निव्वळ स्कीइंगसाठी नाही. आई अंगणात बसलेली असावी आणि तिच्या डोळ्यांदेखत मी त्या उतारावर वरपासून खालपर्यंत सुरेख वळणं काढत यावं, म्हणजे हा सगळा वाद एकदाचा मिटेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी मनात तिचं ताटसुद्धा वाढून ठेवलं होतं.

दोन दिवस वाऱ्यासकट बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी लख्ख उघडलं. वाटाड्या सकाळीच आकाशाकडं नाही, वाऱ्यानं बर्फ कुठं नेऊन टाकलाय तिकडं बघत होता. म्हणाला, वर जाऊन बघू, मग ठरवू. निघताना आईनं आमच्या तिघांच्या हातावर गूळ ठेवला. मी म्हटलं, "हितनं दिसेल बघ तुला."

"दिसंल तर," ती म्हणाली.

रानातून चढलो. देवदारांखाली बर्फ मऊ होता, स्कीचे पट्टे छान धरत होते, गुडघा एकदाही कुरकुरला नाही. भाऊ मागून गुणगुणत होता. दातांची डॉक्टर दर विश्रांतीला सगळ्यांना सुकामेवा वाटायची आणि चिक्की मात्र कुणाला खाऊ द्यायची नाही. रान संपलं आणि आम्ही खांद्यावर आलो. मी सगळ्यांत पुढं होते. खाली गाव दिसत होतं, पत्र्याची छपरं, आणि एका अंगणात एक काळा ठिपका. ठिपका हलत नव्हता. मी काठी उंचावून हलवली.

मग उताराच्या काठाशी दोन पावलं सरकले आणि पायाखाली धप्प असा आवाज झाला. ओल्या भाताचं पोतं जमिनीवर टाकल्यावर होतो तसा. सगळा बर्फ माझ्यासकट जरासा खाली बसला आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग निघून उताराच्या कडेनं पुढं धावत गेली.

मी जागच्या जागी थांबले. वाटाड्यानं मला हळूच मागं यायला सांगितलं. मग त्यानं सुरक्षित जागी फावड्यानं खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, त्यावर फावडं आडवं ठेवलं आणि वरून हातानं हळू थापट्या मारायला लागला. काही थापट्यांतच वरचा थर वडी सुटावी तसा सबंध सुटला आणि त्याच्या मांडीवर आला. खालचा थर साखरेसारखा सुटा होता. वाऱ्यानं आणलेला जड बर्फ त्या साखरेवर नुसता टेकलेला होता.

उतारावर कुणाचं वजन पडलं की तो सगळा दरडीसारखा खाली येणार, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी वाद घातला. अगदी कडेकडेनं गेलो तर? एकेक जण गेला तर? वाटाड्या म्हणाला, मी जाणार नाही, कुणाला नेणारही नाही. मी म्हटलं, तू इथूनच बघ, मी एकटी जाते. हे मी खरंच म्हटलं. इतकी वर्षं लोकांनी मला जाऊ नकोस म्हटलं होतं आणि मी गेले होते. मला 'नाही' ऐकायची सवयच राहिली नव्हती. मैत्रिणीनं स्वतःचे पट्टे काढायचे थांबवले. भाऊ जवळ आला. त्यालाही तो उतार हवा होता, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"ताई," तो म्हणाला, "आई बघतीया खालनं."

मी त्या भेगेकडं बघितलं. ती किती बारीक होती! आमच्या गोठ्यावरच्या भेगेत हात जायचा, हिच्यात नखसुद्धा गेलं नसतं. मला आई दिसली, पोत्याच्या खोळीत, म्हशीच्या दाव्याला धरून चिखलातून खाली जाणारी, आणि पडवीत उभं राहून तिला हसणारे आबा. तिला तेव्हा कुणाला काय सिद्ध करून दाखवायचं होतं? काही नाही. तिला आम्हांला जगवायचं होतं आणि लोक हसतात याची तिला भीती नव्हती. मी मात्र एका ताटभर भातासाठी उतारावर उडी घ्यायला निघाले होते.

"म्हणून तर," मी भावाला म्हटलं आणि स्की वळवल्या.

मला त्या क्षणी शहाणपण वगैरे काही वाटलं नाही. संतापानं डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्याच्या आत गोठलं. उतार तसाच पडून होता, कोरा, चकाकणारा. आम्ही ज्या रानातून चढलो त्याच रानातून उतरलो. दुपारच्या उन्हानं तिथल्या बर्फावर पापुद्रा धरला होता. स्की मध्येच अडकायच्या, मध्येच सुटायच्या. मी दोनदा पडले, दोन्ही वेळा अस्सल पासलीच्या पद्धतीनं मागं बसून, बुडावर. दुसऱ्यांदा पडले तेव्हा भाऊ हसत सुटला, मग मैत्रीण हसली आणि शेवटी मीही हसले. उतरण्याचा तो प्रकार कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. आणि रानातून उतरत असताना आम्ही आईला दिसत नव्हतो, हे मला अगदी खाली आल्यावर सुचलं.

अंगणात पोचलो तर आई दारात उभी होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. घरातून इंद्रायणी शिजल्याचा वास येत होता. मला वाटलं, आमच्यासाठी केला असेल.

मी स्की टेकून ठेवल्या आणि म्हटलं, "नाही उतरले. बर्फ बरोबर नव्हता."

"बघितलं म्या. काठी हालवलीस. मंग मागं सरलीस. मंग लई येळ हुबी ऱ्हायलीस. भांडत व्हतीस?"

"हो."

"मंग वळलीस. रानात शिरलीस आन् दिसंनाशी झालीस. ही म्हातारी माझा हात धरून बसली. म्या म्हनलं, सोड. वळलीया ती, आता येती. आन् भात टाकला."

चुलीशी तिनं आधी एका पानावर भाताची मूद काढली, वर तूप सोडलं, ते पान अंगणाच्या कडेला ठेवलं आणि हात जोडले. भावानं विचारलं, "आये, आपली देवी हितनं कुठं दिसायची?"

"हितल्या देवाला सांगितलंय, तिला कळव म्हनून."

मग ती मांडी घालून बसली, वाटाड्याच्या आईनं तिला राजमा वाढला, तिनं भात कालवला आणि खाल्ला. मी तिच्याकडं बघत राहिले. इतक्या महिन्यांनी भात खाताना ती कसली घाई करत नव्हती, नेहमीसारखी जेवत होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडू नगंस," ती म्हणाली. "आजून माझा राग गेलेला न्हाई. ह्ये येड तुझं मला पटलेलं न्हाई."

"मग भात का खातेस?"

"मला वाटायचं तुला थांबताच येत न्हाई. तू थांबलीस. ते म्या बघितलं." आणि तिनं वाटाड्याच्या आईकडं आणखी भात मागितला, मराठीत.

तो उतार त्या आठवड्यात कोसळला नाही. रोज सकाळी उठून मी बघायचे आणि तो तसाच असायचा, जणू मला वेडावत. दोन दिवसांनी पुन्हा ताजा बर्फ पडला, या वेळी वाऱ्यावाचून, आणि आम्ही गावामागच्या कमी चढाच्या टेकडीवर गेलो. वाटाड्यानं तिथंही खड्डा खणला, थापट्या मारल्या आणि हसून मान हलवली. आम्ही चौघं गुडघाभर पिठातून उतरलो. भाऊ पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत ओरडत होता. मैत्रीण एकदा संपूर्ण बर्फात गाडली गेली आणि बाहेर आली तेव्हा तोंडात बर्फ भरून हसत होती. मी अंग दरीकडं झोकलं, छाती पुढं, आणि गुडघा माझ्याखाली वेतासारखा वाकत आणि सुटत राहिला. खाली कुंपणाशी आई बसली होती. मी तिच्यासमोर येऊन थांबले, तिच्या जॅकेटावर बर्फ उडाला. तिनं तो झटकला.

"झालं?" ती म्हणाली. "सकाळधरनं चढलात, ते एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," मी म्हटलं. "आणि पुढच्या वर्षी परत येणार आहे."

"ये की. म्या नगं म्हनलं का?"

पासलीला परत आलो त्या दिवशी आबा पडवीत हजर होते. भावानं उत्साहानं सगळं सांगितलं, त्यानं न सांगितलेलंच बरं झालं असतं. धप्प आवाज, भेग, खड्डा, माघार. आबा शांतपणे ऐकत होते. आई माझ्याशेजारी जेवायला बसली होती, तिच्या ताटात भात होता आणि आबांनी तो बघितलेला होता.

"मंग?" त्यांनी विचारलं. "घसारला का त्यो डोंगर?"

"न्हाई," भाऊ म्हणाला.

"म्हंजी उगाच माघारी फिरली." आबा हसले. मग नेहमीसारखे आईकडं वळले, पडवीतल्या सगळ्यांना सामील करून घेत. "शाळंत झोपायला गेल्यासारखंच झालं म्हनायचं की ह्ये."

इतकी वर्षं त्या वाक्यावर आई खाली बघायची. त्या दिवशी तिनं घास खाली ठेवला आणि सरळ त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "माझीच लेक हाय ती. आमी दोघी बी जित्या हाय, बघा."

पडवीत कुणी हसलं नाही. आईनं ताट माझ्याकडं सरकवलं. "वाढ की, बघत काय बसलीस. आजून भात वाढ."